अनुभव धागा: बोली जिंकली, मग वर्णन नीट वाचलं

पुण्याहून (धागा काढणारी)

नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून हा धागा काढायचं मनात आहे. लिहायला बसलं की समोर तो लिलावात घेतलेला पितळी कर्णा दिसतो आणि हात थांबतो. आज लिहितेच.

बाबांकडे ग्रामोफोनच्या ४३ तबकड्या आहेत. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर. बाबांचं चावीचं यंत्र मी शाळेत असताना बंद पडलं, स्प्रिंग तुटली आणि ते माळ्यावर गेलं. तबकड्या मात्र दर दसऱ्याला पुसून पुन्हा पाकिटात जायच्या. बाबांच्या पंचाहत्तरीला त्या वाजाव्यात, एवढंच मला हवं होतं.

ऑनलाइन लिलावात एक ग्रामोफोन दिसला. वर्णन असं होतं: ‘व्हिंटेज स्टाइल ग्रामोफोन, पितळी कर्णा, चालू स्थितीत, शोभेसाठी उत्तम, परत घेतला जाणार नाही.’ मी वाचलं ते असं: व्हिंटेज ग्रामोफोन, चालू स्थितीत. ‘स्टाइल’ आणि ‘शोभेसाठी’ हे शब्द पडद्यावर होते, माझ्या डोळ्यांपर्यंत आले नाहीत. रात्री साडेदहाला लिलाव संपणार होता. मी ५,००० ची मर्यादा ठरवली होती. पलीकडून कुणीतरी शंभर-शंभर रुपयांनी वाढवत होतं. शेवटच्या चार मिनिटांत मी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून ६,८०० पर्यंत गेले, आणि जिंकले.

खोकं उघडल्यावर बाबांनी यंत्र उलटं करून पाहिलं. स्क्रू नवे, लाकूड नवं, आतली मोटर एखाद्या छोट्या पेटीयंत्रातली काढून बसवलेली. कर्ण्याचा हात इतका जड की सुई तबकडीवर टेकत नाही, रुतते. बाबा म्हणाले, “छान दिसतंय गं. पण ह्यावर नको लावायला, रेघा पडतील.” आणि त्यांनी तबकड्या परत पाकिटात घातल्या. ते पाकिटात घालणं मला अजून दिसतं.

विकणाऱ्यानं एकही शब्द खोटा लिहिला नव्हता. म्हणून हा धागा फसवणुकीच्या अनुभवांसाठी नाही, ते वेगळीकडे लिहा. वर्णनात खरं लिहिलेलं होतं आणि आपण ते वाचलं नाही किंवा भलतंच वाचलं, असे अनुभव इथे द्या. नेमका कोणता शब्द सुटला तेही लिहा, पुढच्याला उपयोगी पडेल. साइट, बँका, दुकानं यांची नावं नकोत.

नाशिकहून

सुटलेला शब्द: ‘बॉक्स’.

२००५. कॉलेजात होतो, पहिल्या नोकरीच्या आधीच्या सुट्टीत शिकवण्या करून ३,००० रुपये साठवले होते. नव्या मोबाइलचा फोटो, खाली मॉडेलचं नाव, आणि ‘ओरिजिनल बॉक्स विथ मॅन्युअल’. मी २,१०० ला जिंकलो. पार्सलात बॉक्स होता आणि मॅन्युअल होतं. मी ‘बॉक्ससकट फोन’ असं धरून चाललो होतो. रिकामा बॉक्स कुणी विकेल आणि कुणी विकत घेईल, हे मला माहीतच नव्हतं. घरी सांगितलं नाही. त्या शिकवण्यांतल्या एका मुलाच्या आईनं मला पगार देताना सुट्टे मोजून दिले होते, ते आठवून फार वाईट वाटलं.

बंगळूरहून

नाशिककर, रिकामे बॉक्स आजही विकले जातात. संग्राहक घेतात, आणि जुना फोन बॉक्ससकट विकणारेही घेतात.

या व्यवहाराच्या मुळाशीच ही गोष्ट आहे. १९९५ साली अमेरिकेत ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू झाली तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. विकणाऱ्यानं, म्हणजे ईबेच्याच संस्थापकानं, घेणाऱ्याला विचारलं की हा चालत नाही हे तुला कळलंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. म्हणजे पहिल्या व्यवहारात विकणाऱ्यानं स्वतःहून खात्री करून घेतली होती. आता तशी विचारपूस कोण करणार? ती आपली आपणच करायची.

श्टुटगार्टहून

ताई, तुमचं वाचून मला माझं कपाट आठवलं.

जर्मनीत येऊन सात महिने झाले होते. बायको आणि मुलगी पुढच्या महिन्यात येणार होत्या, घर रिकामं. लिलावात एक जुनं शेतकरी पद्धतीचं कपाट दिसलं, रंगवलेली फुलं, जाड पाइन लाकूड. भाषा कच्ची, म्हणून भाषांतराचं ॲप लावलं. मूळ शब्द होता ‘झेल्ब्स्टआबहोलुंग’. ॲपनं इंग्रजीत दिलं ‘कलेक्शन ओन्ली’. आपल्याकडे कलेक्शन म्हणजे संग्रह. मला वाटलं, संग्रही ठेवण्यासारखी वस्तू आहे असं सुचवतायत. ६१ युरोला मिळालं तेव्हा आनंदानं आईला फोन केला.

त्याचा अर्थ होता: स्वतः येऊन घेऊन जा, आम्ही पाठवणार नाही. कपाट होतं फ्लेन्सबुर्गला, डेन्मार्कच्या हद्दीजवळ. माझ्यापासून ८०० किलोमीटरच्या वर.

विकणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. मी मोडक्या जर्मनमध्ये चूक कबूल करणारं पत्र लिहिलं. शेजाऱ्यांनी सांगितलं की व्यापाऱ्याकडून घेतलं असतं तर १४ दिवसांत कारण न देता परत करता आलं असतं. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २००४ सालीच ऑनलाइन लिलावालाही तो हक्क लागू केला आहे. पण खाजगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला तो नाही. बाईंनी उत्तर दिलं की घर रिकामं करायचंय, दोन आठवडे थांबते. मग मी आणि औरंगाबादचा एक मित्र, व्हॅन भाड्यानं घेऊन गेलो. भाडं आणि डिझेल मिळून कपाटाच्या किमतीच्या सहापट. बाईंनी सूप करून ठेवलं होतं आणि कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांच्या सासऱ्यांनी पेन्सिलनं टिपलेली मुलांची उंची दाखवली. ते पाहून मला माझ्या तक्रारीची लाज वाटली. आता माझ्या मुलीची उंचीही तिथेच खाली टिपतो.

तरीही जर्मनीत नव्यानं येणाऱ्यांना सांगतो, दोन शब्द पाठ करा. एक हा वरचा. दुसरा ‘फ्यूर बास्टलर’, म्हणजे खटपट करून दुरुस्त करणाऱ्यांसाठी. याचा सरळ अर्थ वस्तू चालत नाही.

ठाण्याहून

माझा अनुभव वस्तूचा नाही, घराचा आहे. लांबेल, पण सगळं लिहितो, कारण आज पुष्कळ मराठी कुटुंबं स्वस्त घराच्या आशेनं, कर्ज थकलेल्यांची घरं विकणाऱ्या बँकांच्या ई-लिलावाकडे वळतायत.

मी ४४ वर्षांचा, नोकरी खाजगी, भाड्याच्या घरात १६ वर्षं. पेपरात नोटीस आली. दोन खोल्यांची सदनिका, राखीव किंमत ३१ लाख. त्याच इमारतीत बाजारभाव चाळिशीच्या पुढे. इसारा अनामत ३ लाख १० हजार. भरली. लिलावाच्या दिवशी रजा घेतली. एक वाढ २०,००० ची. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते, असं बराच वेळ चाललं. या वाढत्या वेळेत माणूस नोटीस वाचत नाही, फक्त समोरचा आकडा वाचतो. ३३ लाख ६० हजारांना मला मिळाली.

नियम असा की एकूण रकमेच्या २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. म्हणजे ८ लाख ४० हजार, त्यात इसारा धरलेला. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. ते मला माहीत होतं. ठेव मोडली, बायकोचे दागिने गहाण टाकले, गृहकर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यानं नोटीस वाचली आणि विचारलं, “साहेब, ताबा प्रतीकात्मक आहे, पाहिलंत ना?”

नोटिशीच्या तक्त्यात सातवा रकाना होता: ‘ताब्याचा प्रकार’. त्यात एकच शब्द, ‘प्रतीकात्मक’. मी तो वाचला होता. मला वाटलं, बँकेचा कागदोपत्री ताबा आहे आणि पैसे भरले की किल्ली देतील. खरा अर्थ असा की बँकेनं दारावर नोटीस चिकटवली आहे, पंचनामा केला आहे, आणि आत माणसं राहतायत. किल्ली त्यांच्याकडे आहे. प्रत्यक्ष ताबा वेगळा, त्याला तक्त्यात ‘प्रत्यक्ष’ किंवा ‘भौतिक’ असं लिहितात. प्रतीकात्मक असेल तर बँकेला सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जाच्या वसुलीचा कायदा) कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवस, आणि कारणं नोंदवून एकूण ६० दिवस, असं आहे. माझ्या बाबतीत १४ महिने गेले. मधे कर्जदार कलम १७ खाली ऋण वसुली न्यायाधिकरणात गेले. त्या काळात मी घरभाडंही भरत होतो आणि हप्ताही.

दुसरी गोष्ट. ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे या तत्त्वावर’ हे वाक्य प्रत्येक नोटिशीत असतं. इतक्या वेळा वाचलेलं की ते मला ‘आपला विश्वासू’सारखं वाटायचं. त्या एका वाक्यात सोसायटीची १ लाख ८७ हजारांची थकबाकी बसली होती. ‘ज्ञात बोजे’ या रकान्यात ‘बँकेस माहीत नाहीत’ असं लिहिलं होतं. मी त्याचा अर्थ ‘बोजे नाहीत’ असा केला.

आणि एक, जे कुठल्याच रकान्यात नसतं. ताबा घेण्याच्या दिवशी आत एक आजी होत्या आणि नववीतली नात. मुलाचा धंदा बुडाला होता, तो कुठे होता त्यांनाही माहीत नव्हतं. पोलीस, तहसीलदारांचा माणूस, बँकेचे अधिकारी, आणि दाराशी मी. नातीनं देव्हारा स्वतः उचलून नेला. घर कायद्यानं माझं होतं आणि आजही आहे. पण लिलावाआधी मी एकदा तरी त्या दारावर जाऊन बेल वाजवली असती, तर आत कोण आहे ते कळलं असतं आणि मी बोली लावली नसती. ही खंत पैशांची नाही.

कोल्हापूरहून (वकिली करते)

ठाण्याच्या दादांनी जे लिहिलंय ते प्रत्येकानं जपून ठेवावं. थोडी कायद्याची भर घालते, कारण ‘माझी चूक झाली, व्यवहार रद्द करता येईल का’ हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो.

भारतीय करार कायदा, १८७२. कलम २० प्रमाणे दोन्ही पक्षांची मूळ बाबीबद्दल सारखीच चूक झाली असेल तर करार शून्य, म्हणजे मुळातच रद्द. पण कलम २२ सांगतं की चूक एकाच पक्षाची असेल तर केवळ तेवढ्यामुळे करार मोडता येत नाही. वर्णन बरोबर आणि वाचणाऱ्याची चूक, हे अगदी कलम २२ मध्ये बसतं. मालविक्री कायदा, १९३०, कलम ६४: हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडल्यावर नाही. ऑनलाइन लिलावांच्या अटींत मात्र बहुतेक वेळा ‘लावलेली बोली मागे घेता येणार नाही’ असं आधीच मान्य करून घेतलेलं असतं. ते ‘मी सहमत आहे’च्या चौकोनात टिक करण्याआधी वाचायचं.

घराच्या लिलावात सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे २५ टक्के. ते भरल्यावर उरलेली रक्कम मुदतीत भरली नाही तर भरलेले ते सगळे २५ टक्के जप्त होतात. बँकेचं प्रत्यक्ष नुकसान तेवढं झालं नाही, असा युक्तिवाद चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हे स्पष्ट केलं. विजेच्या जुन्या थकबाकीबद्दलही २०२३ चा निकाल आहे. वीज कंपनीच्या नियमांत तरतूद असेल तर नवी जोडणी देण्याआधी ती नव्या मालकाकडे मागता येते.

वर्णनच खोटं असेल तर गोष्ट वेगळी. मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण या धाग्याचा विषय तो नाही.

नेवासे तालुक्यातून

राम राम मंडळी. आमचा ट्रॅक्टर.

फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांचा मोबाइलवर लिलाव असतो. पुतण्यानं बोली लावली, मी शेजारी बसून ‘हं, वाढव’ म्हणत होतो. फोटोत टायर नव्यासारखे. २ लाख ४० हजारांत सुटला. खाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या. आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) उपलब्ध नाही. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) तपासलेला नाही. यार्डाचं भाडं घेणाऱ्याकडे. पुतण्यानं त्या मला वाचून दाखवल्या होत्या, हे मी खरं सांगतो. मीच म्हटलं, कागदाचं बघू नंतर.

‘नंतर’ म्हणजे पाच महिने. जुना मालक आरसी देईना. अशा वेळी आधी फायनान्सवाल्यांच्या नावावर नवी आरसी काढावी लागते, त्याला फॉर्म ३६ असतो, आणि त्यानंतर ती आपल्या नावावर होते. तोवर ट्रॅक्टर रस्त्यावर काढायची माझी हिंमत होईना. रब्बीची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली, आणि स्वतःचा दारात उभा. पीटीओचं काम निघालं ते वेगळं. पुतण्या अजून स्वतःला दोष देतो. त्याचा काही दोष नाही, हे इथं लिहून ठेवतो, त्याला वाचायला देणार आहे.

टोकियोहून

श्टुटगार्टच्या दादांसारखंच माझंही, भाषांतरानं झालेलं. जपानी लिलावात मी जुनी कॅमेरा लेन्स घेतली. वर्णनात ‘जंक’ लिहिलं होतं. जपानी माणूस नम्र असतो, म्हणून चांगल्या वस्तूलाही टाकाऊ म्हणत असेल, अशी माझी समजूत. इथे तो ठरलेला शब्द आहे: वस्तू चालेल याची कसलीही हमी नाही, तक्रार ऐकणार नाही, परत घेणार नाही.

पुढे ‘कुमोरी’ असा शब्द. ॲपनं ‘क्लाउडी’ सांगितलं. मला वाटलं, फोटो ढगाळ दिवशी काढलाय म्हणून क्षमा मागतायत. लेन्सच्या बाबतीत कुमोरी म्हणजे काचेवर आतून चढलेला धुरकटपणा. त्याच्या शेजारी ‘काबी’ होता, म्हणजे बुरशी. मी रत्नागिरीचा. पावसाळ्यात कपाटातल्या वस्तूंना काय होतं ते लहानपणापासून पाहिलेलं, आणि तोच शब्द मी ओलांडून गेलो. ती लेन्स मी वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्यासाठी घेत होतो. दुसरी घ्यायला मग वर्ष गेलं.

साताऱ्याहून

मी निवृत्त शिक्षक. ऐतिहासिक नाण्यांची आवड. शिवजयंतीला शाळेतल्या मुलांच्या हातात खरी शिवराई द्यावी अशी इच्छा होती. एका लिलावात बारा शिवराई नाण्यांचा फोटो होता. तांब्याची, झिजलेली, काहींवर ‘श्री राजा शिव’मधलं एखादंच अक्षर शिल्लक. ही नाणी हातानं पाडलेली असल्यामुळे ठसा नाण्यावर पूर्ण बसत नसे, तेव्हा त्या झिजेनेही मला आनंदच झाला. बारा नाणी १,१५० रुपयांत म्हणजे फारच स्वस्त, हे मनात आलं होतं. त्याच वेळी थांबायला हवं होतं.

पाकिटातून एक नाणं निघालं. वर्णन पुन्हा उघडलं: ‘छायाचित्र नमुन्यादाखल. एक नग. निवड विक्रेत्याची.’ मी फोटोतली नाणी मोजली होती, वर्णनातला नग मोजला नाही. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न दोनदा वाचा’ सांगत आलो, म्हणून हे फार लागलं.

मागच्या बाजूला ‘छत्र’ पुरतं वाचता येतं, ‘पति’ अर्धंच. ते एकच नाणं घेऊन शाळेत गेलो. बावन्न मुलं एका नाण्याभोवती. एका मुलीनं ते कानाला लावून पाहिलं.

न्यू जर्सीहून

सातारच्या सरांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी पेशवेकालीन नाणी घेण्यासाठी भारतातल्या विक्रेत्याकडे बोली लावली, जिंकले, पैसे भरले. ‘फक्त भारतात पाठवू’ ही ओळ पाहिली नव्हती. मला वाटलं टपालाचा जास्त खर्च देऊन भागेल. पण तो खर्चाचा प्रश्नच नाही. १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. विक्रेत्यानं मला हे शांतपणे समजावलं. नाणी सांगलीला माझ्या मावशीकडे आहेत. जिथली तिथेच राहिली, आणि आता मलाही ते बरोबर वाटतं.

पुण्याहून (विकणाऱ्याच्या बाजूनं)

मी जुनी पितळी भांडी, दिवे, अडकित्ते विकतो. आधी बुधवार-रविवार जुन्या बाजारात बसायचो, आता ऑनलाइनही.

तुम्हा सगळ्यांचं वाचताना मला एक बाई आठवल्या. समई घेतली होती, लेकीच्या लग्नात रुखवतात ठेवायला. मी उंची लिहिली होती, ८ सेंमी. त्यांनी इंच धरलं की फोटोत मोठी वाटली, कोण जाणे. पार्सल पोचल्यावर फोनवर रडल्या. मी परत घेतली, अटीत नव्हतं तरी. पण त्यानंतर नुसती मापं लिहून भागत नाही हे मला कळलं. आता प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवतो. नाणं २७ मिलिमीटर असतं, ते सगळ्यांनी हातात धरलेलं आहे. नाणं मोठं दिसलं की वस्तू लहान आहे, हे आकडा न वाचताही समजतं. विकणाऱ्यांनी खरं लिहिणं एवढंच आपलं काम समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

ताई, तुमच्या बाबांचं जुनं यंत्र टाकून दिलंत का? माळ्यावर असेल तर खाली काढा. स्प्रिंग मिळते, बसवून देणारे आहेत. आणि सुई प्रत्येक बाजूला नवी लावायची, पोलादी सुई एकदाच वापरायची असते. जुनी सुई तबकडी खाते.

पुण्याहून (धागा काढणारी)

दादा, माळ्यावरच आहे. तुमचं वाचून रविवारी काढलं. आत उंदरांनी केलेलं घरटं होतं, आणि सुयांची पत्र्याची डबी, निम्मी भरलेली. बाबा दिवसभर त्या डबीचं झाकण उघडत-लावत होते. यंत्र दुरुस्तीला गेलंय. नवा कर्णा मी विकणार आहे आणि वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिणार आहे: नवीन बनावटीचा, जुन्या तबकड्या यावर लावू नयेत.

वसईहून

मी आजवर फक्त वाचत होते. उद्या दुपारी ३ वाजता इसारा भरायची मुदत आहे, आणि ठाण्याच्या दादांचं वाचून तक्ता पुन्हा उघडला. सदनिका २०३, राखीव किंमत २४ लाख, ताबा: प्रतीकात्मक. आई आणि मी, दोघींचीच कमाई. काय करू?

ठाण्याहून

ताई, पैसे उद्या ३ च्या आत भरायचेत, मग आज संध्याकाळ मोकळी आहे. इमारतीत जा. आधी वॉचमन, मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग शक्य असेल तर त्या घराची बेल. सेक्रेटरींना थकबाकीचा आकडा लेखी मागा. नोटिशीतली चतुःसीमा सोबत न्या आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा.

वसईहून

जाऊन आले. आत्ता रात्रीचे पावणेअकरा.

सेक्रेटरी घरी होते, नीट बोलले. नोटिशीत पूर्वेला ‘सदनिका क्र. २०४’ लिहिलंय. जिन्यावरून पाहिलं तर २०३ ला दारच नाही, तिथे भिंत. दोन्ही घरं मधली भिंत पाडून एक केलीयत, आणि दार २०४ च्या बाजूनं. २०४ वर कर्ज नाही, ते दुसऱ्या भावाच्या नावावर आहे. म्हणजे २०३ मध्ये जायचं तर २०४ मधूनच. स्वयंपाकघर एकच, तेही २०४ मध्ये.

इसारा भरत नाही. आईला सांगितलं, ती म्हणाली जेवून घे आधी.

ठाण्याहून

बरं केलंत. पुढची जागा बघायला जाल तेव्हा इथे लिहा. रविवार असेल तर मी आणि मिसेस येऊ सोबत.